नाताळात मुलांचा कार्यक्रम करायचाय, पुस्तकाची बातमीपण सांगायचीय, पण जाहिरात वाटायला नको : माझं जरा लांब उत्तर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. दिवाळीच्या सुमाराला तुमचं मुलांसाठीचं पहिलं पुस्तक आलं, बंद पडलेल्या कारखान्यात यंत्रमागावर घरटं बांधणाऱ्या चिमणीचं. आता नाताळच्या सुट्टीत जुळे सोलापुरातल्या तुमच्या सोसायटीतली आणि जवळच्या वाचनालयातली मुलं बोलावून दीड तासाची धमाल करायचीय, सँटा, केक, खेळ सगळं, आणि त्यातच या पुस्तकाचं आणि लिहायला घेतलेल्या दुसऱ्या पुस्तकाचं सांगायचंय, पण पालकांना असं वाटायला नको की पोरं गोळा करून पुस्तक खपवायला आलेत. मी बरीच वर्षं मुलांसाठी लिहिते, सोलापुरातच राहते आणि डिसेंबरात असे कार्यक्रम करत आलेय, म्हणून सविस्तर लिहिते, सवडीनं वाचा.

मला वाटतं तुमची खरी अडचण जाहिरातीची नाहीय. तुम्ही एकच बातमी दोन वेगळ्या लोकांना एकाच वेळी सांगायला बघताय, तिथं घोळ होतोय. पालकांना काय कळायला हवं, तर पुस्तक कितव्या वर्षाच्या मुलासाठी आहे, किंमत काय, कुठं मिळतं. मुलांना यातलं काहीच नको असतं. आठ वर्षांच्या पोराला सांगा की माझं पुस्तक छापून आलं, ते बरं म्हणेल आणि केककडं बघेल. त्यालाच सांगा की दुसऱ्या पुस्तकात चिमणी गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेला गेलीय, पाळण्याच्या लाइटांत तिला रात्र आहे का दिवस हेच कळेना झालंय आणि ती परत घरी कशी येणार ते मला अजून सुचलेलं नाहीय, की बघा ते कसं पुढं सरकून बसतं. मुलांच्या लेखी बातमी म्हणजे जी गोष्ट अजून व्हायचीय आणि जिच्यात आपल्याला हात घालता येतो ती. म्हणून माझं म्हणणं असं की कार्यक्रमात झालेल्या पुस्तकापेक्षा न झालेलं पुस्तक पुढं आणा, आणि झालेल्या पुस्तकाची बातमी पालकांना वेगळी, साध्या मेसेजनं द्या. बाकी सगळं यातूनच ठरत जातं.

आता काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून सांगू शकत नाही. मुलं किती येणार, पंधरा का साठ, याच्यावर जवळजवळ सगळंच बदलतं, पंधरा असतील तर सतरंजीवर गोल बसून गप्पा होतात, साठ असतील तर माईक लागतो आणि माईक आला की मुलं प्रेक्षक होऊन बसतात. माझा सल्ला विचाराल तर तिशीच्या वर जाऊ नका, जास्त झाली तर दोन दिवस करा. वयाचंही तसंच, पाच वर्षांचं आणि बारा वर्षांचं एकत्र बसवलं तर एक कंटाळतं नाहीतर दुसरं रडतं. सहा ते दहा हा गट धरा आणि मोठ्यांना मदतनीस करा, कात्री, स्टेपलर, कागद वाटप, त्यांना ते आवडतं.

तारखेचं मात्र ठामपणे सांगते. इंग्रजी माध्यमाच्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते पण मराठी माध्यमाच्या बऱ्याच शाळांना 25 तारखेची एकच, शिवाय डिसेंबर म्हणजे गॅदरिंगचा महिना, निम्मी पोरं डान्सच्या प्रॅक्टिसला अडकलेली असतात. म्हणून सकाळची वेळ ठेवूच नका, संध्याकाळी साडेचारला सुरू करा, सहाला अंधार पडायच्या आत संपवा, गच्चीवर असेल तर तेवढ्यात गारठापण वाढतो. आणि 24 ची रात्र आणि 25 चा दिवस टाळा. सोलापुरात मराठी ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं जुनं, आणि त्या दोन दिवसांत ती माणसं चर्चमध्ये, पाहुण्यांत असतात. ज्यांचा सण आहे त्यांचीच मुलं येऊ शकणार नाहीत अशा वेळी नाताळचा कार्यक्रम करण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. 26 ते 30 मधला कुठलाही दिवस चांगला. जानेवारीत ढकलू नका, एकदा नवीन वर्ष लागलं की गावाला संक्रांतीचे आणि सिद्धेश्वर यात्रेचे वेध लागतात, होम मैदानावर पाळणे उभे राहायला लागले की मुलांच्या डोक्यात दुसरं काही राहत नाही.

पण हाच गड्डा तुमच्या फार उपयोगाचा आहे, ते पुढं येतंच.

सँटाचं काय करायचं? बहुतेक ठिकाणी सँटा येतो, पिशवीतनं चॉकलेटं वाटतो, फोटो होतात आणि चॉकलेट मिळालेली मुलं घरी पळतात, कार्यक्रम तिथंच संपतो. म्हणून मी सँटाला वाटपाचं काम देत नाही, अडचण घेऊन आलेला माणूस म्हणून आणते. तो स्टेशनवर उतरलाय, त्याला जुळे सोलापूरला यायचंय आणि रस्ताच माहीत नाही, आता तुम्ही सांगा. मग बघा मजा. एक म्हणतो सात रस्त्यावरनं या, दुसरी म्हणते नको तिथं ट्रॅफिक असतं, कुणी त्याला पार नवी पेठेत नेऊन फिरवून आणतं, कुणाला मधेच आजीचं घर आठवतं. पूर्व भागातली मुलं असतील तर त्यांना तेलुगूत सांगू द्या, कुणाच्या घरी कन्नड असेल तर कन्नडमध्ये, उर्दू असेल तर उर्दूत, सँटाला सगळं कळतं असं ठरवून टाकायचं. आपल्या शहरात एका वर्गात चार भाषांची मुलं बसतात आणि गोष्टीच्या कार्यक्रमात मात्र जी पोरं मराठीत कच्ची ती मागं गप्प बसून राहतात, या खेळात पहिल्यांदा तीच बोलतात असं मी बघितलंय. मग सँटाला परत जाताना सोलापूरनं काय द्यायचं ते ठरवायचं. चादर तर येतेच, उत्तर ध्रुवावरच्या माणसाला सोलापुरी चादरीइतकी कामाची दुसरी वस्तू कुठली, पण मुलं तिथं थांबत नाहीत, शेंगाचटणी खाऊन रेनडिअरचं काय होईल यावर जी चर्चा होते ती तुम्ही वहीत लिहून घ्या. ती गोष्टच आहे. पंधरा-वीस मिनिटं आरामात जातात आणि खर्च फक्त लाल टोपीचा.

त्यानंतर हातानं करायचं काहीतरी हवं, आणि इथं लेखनाची बातमी अशी सांगता येते की मुलांना ती बातमी आहे हेही कळत नाही. प्रत्येकाला एक ए-फोर कागद द्या. मधोमध घडी, परत घडी, परत घडी, अशा तीन घड्या झाल्या की आठ पानं होतात, दोन्ही बाजू धरून सोळा. न कापता, कोपरे उचलून उचलून त्यावर 1 ते 16 आकडे घालायला सांगा, मग कागद पूर्ण उलगडायला सांगा. निम्मे आकडे उलटे दिसतात, 1 च्या शेजारी 16 येतो, मुलं ओरडायलाच लागतात की चुकलं चुकलं. तेव्हा सांगायचं की चुकलं नाही, छापखान्यात पुस्तक असंच छापतात, मोठ्या कागदावर पानं अशी उलटसुलट लावून, मग घडी घालून कापतात, सोळा पानांचा एक फॉर्म म्हणतात त्याला, आणि तेव्हा तुमचं पुस्तक हातात घ्या, हे बघा हे बत्तीस पानांचं, म्हणजे असे दोन फॉर्म. एवढंच. या एका वाक्यात पुस्तक आल्याचं सांगून झालं, आणि त्या क्षणी प्रत्येक मुलाला ते पुस्तक हातात घेऊन पानं मोजावीशी वाटतात. मग मोठी मुलं कडा कापून पाठीला स्टेपल मारून देतील, खिशात मावणारी वही तयार होते, तिच्यावर चांदणी, झाड, सँटा, उंट, ज्याला जे हवं ते काढू द्या आणि हीच नाताळची भेट म्हणून घरी न्यायची.

तुमच्याकडं चित्रकाराची कच्ची स्केचेस असतील तर तीपण आणा. लाल पेनानं खोडलेलं हस्तलिखिताचं पान असेल तर ते नक्की आणा. मोठ्या माणसालासुद्धा इतकं खोडावं लागतं हे बघून शाळेत शुद्धलेखनावरनं बोलणी खाणाऱ्या मुलांचे चेहरे जे खुलतात त्यासाठी मी दर वेळी माझी खोडलेली पानं नेते.

मग वाचन. दहा मिनिटं, बारा फार झाली. आणि वाचायचं ते नवीन पुस्तकातलं, गड्ड्यातलं प्रकरण, जे अजून पुरं झालेलं नाही. उभं राहून नाही, त्यांच्यात बसून. चिमणी पाळण्यावर बसलीय, खाली गर्दी, तिला आपला कारखाना कुठल्या दिशेला तेच कळत नाहीय, आणि तिथं थांबायचं. तुम्ही काय केलं असतं? यात्रा दोन-अडीच आठवड्यांवर आलेली असते आणि सोलापूरच्या मुलांना गड्डा तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला माहीत असतो, मौत का कुआँत गाडी कशी फिरते, कुठल्या कोपऱ्यात काय मिळतं, मिरवणुकीतले नंदीध्वज, म्हणजे त्या उंच काठ्या, सात असतात, ते किती उंच, शोभेचं दारूकाम कुठनं नीट दिसतं. कुणीतरी म्हणेल दारूकामाच्या आवाजानं चिमणी मरूनच जाईल, आणि मग सगळ्यांनाच तिची काळजी लागते. ती काळजी लागू द्या, घाईनं उत्तर देऊन मोकळं करू नका. मुलांची सुचवणी जशीच्या तशी वापरावीच असं नाही, लेखक तुम्ही आहात, पण नंदीध्वजाच्या टोकावर चिमणी बसलेली चालेल का असं एखाद्यानं विचारलं तर घरी जाऊन तुम्हाला दोन दिवस विचार करायला लागेल आणि पुस्तक त्यानं चांगलंच होईल.

भेटवस्तूंचं एक. सोसायटीत हल्ली मुलांमध्ये सीक्रेट सँटा करतात, आणि एकाला रिमोटची गाडी येते, एकाला पेन्सिलचं पाकीट, मग तोंडं पडतात. त्यापेक्षा पुस्तकांची अदलाबदल करा. घरातलं वाचून झालेलं एक पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचं, वर नाव न घालता फक्त एक ओळ लिहायची की यात काय आहे, आणि दुसऱ्याचं न्यायचं. ज्यांच्या घरी पुस्तकच नाही अशी मुलं असणारच, त्यांच्यासाठी तुम्ही आधीच जुन्या पुस्तकांची दहा-बारा पाकिटं ढिगात मिसळून ठेवा, कुणाला कळता कामा नये. आइसलँडमध्ये तर हीच नाताळची मोठी रीत आहे, दुसऱ्या महायुद्धात बाकी मालाची टंचाई असताना कागद त्यामानानं मिळत होता म्हणून पुस्तक भेट द्यायची पद्धत रुजली, नवीन पुस्तकं नाताळाच्या आधीच निघतात, 24 डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी उघडायच्या आणि रात्री वाचत बसायचं. आपल्याकडं पुस्तकाचा सण दिवाळी, का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासनंची सवय, त्यामुळं तुमचं पुस्तक दिवाळीत आलं ते योग्यच झालं. पण 24 डिसेंबर आपलाही आहे. साने गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा, पालगडचा. मुलांसाठी आयुष्य वेचलेल्या लेखकाची जयंती नाताळच्या आदल्याच दिवशी येते आणि आपण दोन्हीचा मेळ कधी घालत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. कार्यक्रम नंतर असला तरी अदलाबदलीच्या पुस्तकांचं आवाहन 24 ला गुरुजींच्या नावानं करा, आजी-आजोबांना ते लगेच भिडतं आणि कपाटं उघडतात.

सण कुणाचा आहे हेही मुलांना कळू द्या. वाचनालयात येणाऱ्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाला आधी भेटून विचारा की तुमच्या घरी नाताळ कसा असतो ते सांगायला कुणी येईल का, मूल नको, आजी किंवा काकू, मुलाला सगळ्यांसमोर एकदम उभं केलं तर ते बावरतं. घरावर चांदणी कशी लावतात, गव्हाणीचा देखावा कसा करतात, कॅरल म्हणत रात्री घरोघरी कसे जातात, आणि फराळाला करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या असतात हे ऐकून बाकीची मुलं चकितच होतात, अरे हे तर आमच्यासारखंच. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची एखादी फुलांवरची छोटी कविता म्हणा. फुलामुलांचे कवी म्हणतात त्यांना, आणि त्यांनी लिहिलेली गीतं मराठी चर्चमध्ये आजही म्हणतात. मराठी बालसाहित्य आणि नाताळ यांचं नातं आहे ते असं, ते सँटाच्या टोपीपेक्षा जुनं आहे.

खाण्याचं पटकन सांगते. केक बिनअंड्याचा, आणि तसं निमंत्रणातच लिहा, आपल्याकडं न खाणारी घरं बरीच आहेत, ऐन वेळी मुलाला मागं ओढलं जातं ते बघवत नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का हे विचारून ठेवा. कुणाचं शेत जवळ असेल तर मात्र केक विसरा, हुरड्याचे दिवस सुरू होतात, तिथंच कार्यक्रम घ्या.

तर आतापर्यंतचं असं : सँटाला रस्ता सांगणं, कागदाचा फॉर्म, अर्धवट गोष्ट, पुस्तकांची अदलाबदल, खाऊ. यात पुस्तक विकत घ्या असं एकदाही आलेलं नाही, आणि येऊ देऊ नका. पुस्तकं दाराजवळच्या टेबलावर ठेवा, तिथं दुसरं कुणीतरी बसू दे, तुम्ही नको. तुम्ही तिथं असलात की ओळखीच्या लोकांना न घेता पुढं जायला अवघड होतं. मुलांच्या हातात पैसे नसतात, आईवडील कधी बरोबर नसतात, कधी असूनही त्या महिन्यात जमत नाही, म्हणून सही फक्त पुस्तकावर असं करू नका, मुलांनी बनवलेल्या त्या छोट्या वहीवर सगळ्यांना सही द्या, नाव विचारून, नावासकट. आणि एक-दोन प्रती वाचनालयाला त्याच दिवशी देऊन टाका, म्हणजे ज्याला वाचायचंय त्याला वाट मोकळी.

पालकांचा मेसेज कार्यक्रमाच्या आधी व्हॉट्सॲपवर जाऊ दे. लपवाछपवी केली की संशय येतो, सरळ सांगितलं की येत नाही. मी असा काहीतरी लिहीन :

“नमस्कार. 28 तारखेला संध्याकाळी साडेचार ते सहा गच्चीवर 6 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी नाताळची धमाल आहे, खेळ, कागदाची वही, एक गोष्ट आणि बिनअंड्याचा केक. फी नाही. येताना घरातलं वाचलेलं एक पुस्तक गुंडाळून आणा, नसेल तरी या. दिवाळीत माझं मुलांसाठीचं पहिलं पुस्तक आलंय, 32 पानं, चित्रांसह, किंमत अमुक. कुणाला हवं असेल तर खाली टेबलावर असेल, घ्यायलाच हवं असं नाही, वाचनालयातही प्रत ठेवतेय. दुसऱ्या पुस्तकाची गोष्ट मात्र मुलांकडूनच पुरी करून घ्यायचीय, म्हणून त्यांना नक्की पाठवा. फोटोत आपलं मूल नको असेल तर आधी सांगा.”

शेवटची ओळ गाळू नका. मुलांचे फोटो स्टेटसला टाकायच्या आधी विचारायलाच हवं.

आता शेवटचं एक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण कार्यक्रम संपल्यावरपण ते चालू राहतं. जे. आर. आर. टॉल्कीन नावाचे इंग्रजी लेखक होते, ते 1920 पासून वीसेक वर्षं दर नाताळला स्वतःच्या मुलांना फादर ख्रिसमसच्या नावानं पत्रं लिहायचे, म्हाताऱ्या माणसाच्या थरथरत्या अक्षरात, चित्रं काढून, उत्तर ध्रुवाचं पोस्टाचं तिकीटसुद्धा हातानं रंगवून. तुम्ही चिमणीकडून एक पत्र लिहा. छोटं, की मी गड्ड्यात अडकलेय, मला घरचा रस्ता सांगा. झेरॉक्स काढून प्रत्येकाला एकेक द्या आणि सोबत एक कोरं पोस्टकार्ड, पत्ता वाचनालयाचा घालून. मुलांच्या घरचे पत्ते गोळा करू नका, उत्तरंही वाचनालयातच पाठवा, एका पाकिटात सगळ्यांची. पहिली-दुसरीतल्या बऱ्याच मुलांनी पोस्टकार्ड हातात धरलेलंच नसतं, ते पेटीत टाकायला आईबरोबर जाणं हाच त्यांच्यासाठी मोठा कार्यक्रम होतो. पण उत्तर द्यायचं नक्की जमणार असेल तरच हे करा. वीस मुलांनी लिहिलं तर वीस उत्तरं, प्रत्येकाच्या नावानं, त्यानं जे सुचवलं त्याचा उल्लेख करून, दोन ओळी का असेनात. आणि ती उत्तरं यात्रेतल्या मुख्य अक्षता सोहळ्याच्या आधी मुलांच्या हातात पडायला हवीत, म्हणजे गड्ड्यात गेल्यावर ती पाळण्याकडं बघून चिमणी शोधतील, नंतर पोचली तर उपयोग नाही. वाचनालयाशी हे सगळं आजच बोलून ठेवा, पोस्टकार्डं कुठं ठेवणार, कोण सांभाळणार, शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडंही सुट्ट्या असतात.